प्रयोगशाळेंतील उमेदवारी

सुताराच्या, सोनाराच्या किंवा वैद्याच्या हाताखालीं राहून धंदा शिकण्याला आपल्याकडे उमेदवारी म्हणतात. उमेदवार हा धड शिष्य नसतो आणि धड मालकही नसतो. हत्यार त्याच्या हातांत आलेलें असतें, बहुतेक काम तोच करतो; परंतु दुकानावरची पाटी दुसऱ्याच्या नांवाची असते. आजच्या विज्ञानांतही अशी एक उमेदवारी आहे. विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यानंतर, परंतु स्वतःची प्रयोगशाळा किंवा कायमची जागा मिळण्यापूर्वीं, वर्ष दोन वर्षांच्या करारावर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेंत संशोधन करणाऱ्या माणसास 'पोस्टडॉक' असें म्हणतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या नात्यांतील एखादी मुलगी किंवा मुलगा अशा कामावर मुंबईंत, बंगळूरास किंवा परदेशीं असेल. आणि ती अजून शिकते आहे कीं नोकरीस लागली, ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावें हें तिच्या आईबापांनाही उमगत नसेल. यकृताच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेंत मीं स्वतः अशी उमेदवारी केलेली आहे. तेव्हां तेथें दिवसभर काय चालतें, आणि ह्या उमेदवारावर कोणती जबाबदारी येऊन पडते, एवढें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडेसें सांगतें. आपण बोलण्यांत काळीज हा शब्द हृदयाच्या अर्थानें वापरतों. परंतु खाटकाच्या दुकानांत काळीज मागितलें तर जें मिळतें तें यकृत. प्रौढ माणसाच्या यकृताचें वजन सुमारें दीड किलो भरतें. अन्नांतील साखर सांठविणें, रक्तांतील कित्येक प्रथिनें तयार करणें, पित्त निर्माण करणें आणि शरीरांत आलेलीं विषें निरुपद्रवी करणें, हीं सर्व कामें तें एकटें करतें. त्याचा सर्वांत विलक्षण गुण म्हणजे पुन्हां वाढण्याची शक्ति. हिगिन्स व अँडरसन ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३१ सालीं उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला. उरलेला तिसरा हिस्सा आठदहा दिवसांत जवळजवळ पूर्वीच्या आकाराचा झाला.

परंतु ज्या गुणामुळें यकृत टिकून राहतें, तोच गुण पुढें त्याचा घात करतो. विषाणूंमुळें, मद्यामुळें, बुरशीच्या विषामुळें किंवा सांठलेल्या चरबीमुळें यकृताच्या पेशी वर्षानुवर्षें मरत राहिल्या, म्हणजे त्यांची जागा भरून काढण्यासाठीं उरलेल्या पेशींना सारखें द्विगुणित व्हावें लागतें. हजारों वेळां नकललेल्या पोथींत जसे हस्तदोष शिरतात, तसे ह्या नव्या पेशींच्या जनुकांत दोष शिरतात. यकृतावर वण पडत जातात व तें निबर होतें. ह्या अवस्थेला डॉक्टर सिऱ्होसिस म्हणतात. पुढें त्या निबर भूमींत एखादी पेशी सर्व बंधनें झुगारून वाढूं लागते. ह्या सगळ्याला वीस-तीस वर्षें लागतात, आणि तोंपर्यंत पुष्कळदां रोग्याच्या पोटांत दुखतही नाहीं. म्हणूनच हा रोग बहुधा उशिरां उघडकीस येतो. २०२२ सालीं जगांत सुमारें ८ लाख ६६ हजार लोकांना यकृताचा कर्करोग झाला, आणि त्याच वर्षीं त्यानें सुमारें ७ लाख ५९ हजार लोक दगावले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हे दोन आंकडे इतके जवळ जवळ आहेत, यावरूनच रोगाचें भयंकर स्वरूप ध्यानांत येईल.

आतां प्रयोगशाळेंत जाऊं. बाहेरच्या माणसाची अशी कल्पना असते कीं, तेथें रोज कांहीं ना कांहीं शोध लागत असावा. प्रत्यक्षांत तेथील पुष्कळसें काम गोठ्यांतल्या किंवा स्वयंपाकघरांतल्या कामासारखें, नित्याचें आणि न चुकवितां येण्याजोगें असतें. माणसाच्या यकृतांतील गांठींतून काढलेल्या पेशी चपट्या, पारदर्शक कुप्यांतून वाढवितात. त्यांना शरीराप्रमाणेंच ३७ अंशांची ऊब लागते. हवेंत सुमारें ५ टक्के कार्बन-डाय-ऑक्साइड लागतो. आणि खाद्य म्हणून साखर, क्षार, प्रथिनांचे घटक व वासराच्या रक्ताचा पातळ अंश मिसळलेला एक गुलाबी द्रव लागतो. हा गुलाबी रंग केवळ शोभेचा नव्हे. द्रव आंबूं लागला कीं तो पिवळा पडतो, आणि पेशी भुकेल्या आहेत हें दुरूनही कळतें. दोन-तीन दिवसांनीं द्रव बदलावयाचा. कुपी भरून गेली कीं पेशी सोडवून त्यांतल्या थोड्या, विरजण लावावें तशा, नव्या कुपींत घालावयाच्या. उरलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपांत, शून्याखालीं १९६ अंशांवर, जपून ठेवावयाच्या. पेशींना रविवार कळत नाहीं आणि दिवाळीही कळत नाहीं. एखाद्या बुरशीचा कण कुपींत शिरला तर महिन्याभराची मेहनत एका रात्रींत फुकट जाते.

पेशींच्या जोडीला उंदीर असतात. दोन आठवड्यांच्या नर पिलास एका विशिष्ट रसायनाची एकच सुई टोंचली, तर आठदहा महिन्यांनीं त्याच्या यकृतांत गांठी दिसूं लागतात. म्हणजे "अमुक जनुक काढून टाकलें तर गांठी कमी होतील काय?" ह्या एका ओळीच्या प्रश्नाचें उत्तर मिळावयास वर्ष लागतें, आणि उत्तर संदिग्ध आलें तर आणखी एक वर्ष. तिसरें साधन म्हणजे रोग्यांच्या शरीरांतून शस्त्रक्रियेच्या वेळीं काढलेला भाग. रोग्यानें लेखी संमति दिल्यानंतर गांठीचा एक तुकडा आणि शेजारच्या यकृताचा एक तुकडा बर्फांत घालून प्रयोगशाळेंत आणतात. शस्त्रक्रिया केव्हां संपेल ह्याचा नेम नसतो, म्हणून उमेदवार संध्याकाळभर दूरध्वनीची वाट पाहत बसतो. तो तुकडा हातांत आला म्हणजे, आपण इतका वेळ ज्याला नुसता क्रमांक म्हणत होतों तो कोणाचा तरी बाप किंवा कोणाची तरी आई आहे, हें क्षणभर मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ही झाली कामाची बाह्य बाजू. परंतु ह्या कामांतील खरी कसोटी निराळीच आहे, आणि ती एका साध्या प्रश्नांत सांगतां येईल: माझ्या कुपींत नक्की काय आहे?

हा प्रश्न बालिश वाटेल. कुपीवर नांव लिहिलेलें असतें, तारीख लिहिलेली असते. मग संशय कशाचा? ह्या संशयाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत, हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांतील पेशी जॉर्ज गाय यांनीं कुपींत वाढविल्या. तिची संमति कोणीं विचारली नव्हती, आणि त्याच वर्षीं ती वारली. 'हेला' ह्या नांवानें प्रसिद्ध पावलेल्या त्या पेशी मात्र अद्यापि जगभर वाढत आहेत. प्रयोगशाळेंत अखंड वाढत राहणारा माणसाच्या पेशींचा हा पहिला वंश होय.

ह्याच जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढविण्याची विद्या शिकावयास आपल्या पुण्यांत जन्मलेल्या एक विदुषी गेल्या होत्या. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट १९४९ सालीं घेतल्यानंतर त्या बाल्टिमोरला गेल्या. म्हणजे आज आपण जिला पोस्टडॉक म्हणतों तीच उमेदवारी त्यांनींही केली. परत येऊन त्यांनीं परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं, ह्या देशांतील पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. आज मुंबईंत किंवा खारघरला एखादी विद्यार्थिनी गुलाबी द्रवाची कुपी हातांत धरते, तेव्हां ती विद्या कोठून कोणाच्या हातानें येथवर आली, हें तिला ठाऊक असावें.

परंतु हेला पेशींचा एक अवगुण पुढें ध्यानांत आला. त्या इतक्या जोमानें वाढतात कीं, त्यांचा एखादा थेंब चुकून दुसऱ्या कुपींत पडला तर थोड्याच आठवड्यांत मूळच्या पेशी नाहींशा होऊन कुपी हेलांनीं भरते. आणि नांवाची चिठी मात्र पूर्वींचीच राहते. १९५४ सालीं 'चँग लिव्हर' नांवाच्या पेशी निरोगी यकृताच्या म्हणून पुढें आल्या. १९६७ सालीं स्टॅन्ली गार्टलर ह्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञानें निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अठरा वंशांच्या पेशी तपासून, त्या सर्व बहुधा हेलाच असाव्यात असें दाखवून दिलें. चँग लिव्हरची गतही तीच निघाली. तरीही प्रकार थांबला नाहीं. चीनमध्यें यकृताच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या 'एसएमएमसी-७७२१' व 'बेल-७४०२' ह्या पेशी, आणि निरोगी यकृताच्या म्हणून त्यांच्याशीं तुलनेस घेतल्या जाणाऱ्या 'एल-०२' ह्या पेशी, ह्याही हेलाच असल्याचें पुढें सिद्ध झालें. म्हणजे कित्येक निबंधांत कर्करोगी यकृताची निरोगी यकृताशीं म्हणून जी तुलना छापली गेली, ती वस्तुतः हेलांची हेलांशींच केलेली होती! यकृताचा तेथें संबंधच नव्हता.

आणखी एक उदाहरण देतें. यकृताच्या प्रयोगशाळांत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशींत 'हेपजी-२' ह्यांची गणना होते. अर्जेंटिनांतील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गांठींतून त्या निघाल्या, आणि १९७९ सालापासून त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध होऊं लागले. प्रौढांना होणाऱ्या नेहमींच्या यकृत-कर्करोगाच्या पेशी म्हणूनच बहुतेकांनीं त्या वापरल्या. मूळ गांठीची व पेशींची पुन्हां बारकाईनें तपासणी झाली तेव्हां, २००९ सालीं, ती गांठ लहान मुलांना होणाऱ्या हेपॅटोब्लास्टोमा नांवाच्या निराळ्या रोगाची असल्याचें स्पष्ट झालें. त्या पेशी निरुपयोगी ठरल्या असें नव्हे. त्यांच्यापासून पुष्कळ कांहीं शिकतां आलें व आजही येतें. परंतु आपण कोणत्या रोगाविषयीं बोलत आहों हेंच जर ठाऊक नसेल, तर त्या ज्ञानाचा उपयोग कोणत्या रोग्यासाठीं करावयाचा?

आज ही खात्री करून घेणें अवघड राहिलेलें नाहीं. पेशींच्या जनुकद्रव्यांतील ठराविक जागा तपासून तिचा जणूं अंगठ्याचा ठसा काढतां येतो, आणि तो नोंदलेल्या ठशांशीं ताडून पाहतां येतो. खर्च थोडा, वेळ थोड्या दिवसांचा. मग असे घोटाळे इतकीं वर्षें कां टिकले? त्याचें उत्तर त्या उमेदवाराच्या परिस्थितींत आहे.

पाहा, प्रयोगशाळेचे प्रमुख बहुतेक वेळ अनुदानाचे अर्ज लिहिण्यांत, शिकविण्यांत आणि प्रवासांत घालवितात. पदवीचा विद्यार्थी अजून शिकत असतो. कुपी प्रत्यक्ष हातांत असते ती पोस्टडॉकच्या. पेशी कोठून आल्या, किती वेळां विरजल्या, कोणत्या दिवशीं त्यांचें वागणें बदललें, हें त्यालाच ठाऊक असतें. परंतु प्रयोगशाळेंत सर्वांत अस्थिर जागाही त्याचीच असते. करार दोन वर्षांचा. परदेशीं असला तर राहण्याचा परवानाही त्या करारालाच बांधलेला. पुढची जागा मिळावयाची ती प्रसिद्ध झालेल्या निबंधांवर. आणि निबंध छापले जातात ते बहुधा "अमुक केलें तर अमुक होतें" असें सांगणारे. "अमुक केलें, परंतु कांहींच झालें नाहीं" असें सांगणाऱ्या निबंधास जागा मिळणें कठीण. उंदरांचा एक प्रयोग वर्षभर चालतो हें मीं सांगितलेंच. अशा माणसानें दीड वर्ष ज्या पेशींवर काम केलें, त्यांच्याच ओळखीविषयीं स्वतः होऊन शंका काढावयाची म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्यासारखें आहे. आणि तरी ती शंका त्याच्यावांचून दुसरें कोणी काढूं शकत नाहीं. सत्याची किल्ली ज्याच्या हातांत, त्याच्याच पायांखालची जमीन सर्वांत भुसभुशीत, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

फसवणूक करणारे लोक क्वचितच असतात. प्रामाणिक माणसाची फसगत कशी होते तें पाहणें अधिक महत्त्वाचें. औषधें तपासण्यासाठीं आम्ही ९६ खळग्यांची एक छोटी तबकडी वापरतों. तिच्या कडेच्या खळग्यांतून पाणी आंतल्यापेक्षां जास्त उडून जातें, आणि तेथील पेशी थोड्या कष्टी होतात. आतां एखाद्यानें सोयीसाठीं औषध नेहमीं कडेच्याच खळग्यांत घातलें आणि साधें पाणी मधल्या खळग्यांत घातलें, तर औषधानें पेशी मरतात असें दरवेळीं दिसेल. प्रयोग दहा वेळां केला तरी दहाही वेळां तोच निष्कर्ष! पुनरावृत्तीनें खोटें खरें होत नाहीं. तें फक्त परिचयाचें होतें. म्हणून औषधाच्या जागा चिठ्या टाकून ठरवावयाच्या. उंदराच्या यकृतांतील गांठी मोजतांना कोणता उंदीर कोणत्या गटांतला हें मोजणाऱ्यास कळूं द्यावयाचें नाहीं. चार कुप्यांपैकीं एकीनें निराळें उत्तर दिलें तर ती फेंकून न देतां तिचें उत्तर वहींत तसेंच लिहावयाचें. हे नियम शाळकरी वाटतात. परंतु आपल्या मनाजोगतें उत्तर समोर उभें असतां ते पाळणें किती कठीण आहे, हें हिशेबाच्या वह्या ठेवणारा कोणीही सांगेल.

ह्या काटेकोरपणावर काय अवलंबून आहे? त्याचें उत्तर रुग्णालयांत मिळतें. वाढलेल्या यकृत-कर्करोगावर रोग्याचें आयुष्य वाढवितें असें निश्चित सिद्ध झालेलें तोंडानें घेण्याचें पहिलें औषध म्हणजे सोराफेनिब. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत, ज्यांना तें मिळालें नाहीं त्यांचा मध्यम आयुष्यकाल ७.९ महिने आणि ज्यांना मिळालें त्यांचा १०.७ महिने भरला. फरक तीन महिन्यांहूनही थोडा कमीच. तो नगण्य वाटेल. पण ज्या घरांत मुलीचें लग्न ठरलेलें असतें त्या घराला विचारा. त्यानंतर सुनिटिनिब, ब्रिव्हॅनिब, लिनिफॅनिब अशीं कित्येक औषधें आशेनें पुढें आलीं, आणि रोग्यांवरील शेवटच्या परीक्षेंत अपयशी ठरलीं. पुढें, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरील बंधनें सैल करणारें एक औषध व गांठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारें दुसरें, अशी जोडी २०२० सालीं सोराफेनिबशीं ताडून पाहण्यांत आली. वर्षाअखेर जोडीच्या गटांत शेंकडा ६७ रोगी हयात होते, सोराफेनिबच्या गटांत शेंकडा ५५. प्रत्येक यशापाठीमागें आणि प्रत्येक अपयशापाठीमागें कुप्या असतात, उंदीर असतात, आणि कोणीतरी लिहिलेली वही असते. ती वही खोटी असेल, तर त्याचें मोल शेवटीं रोगी आपल्या उरलेल्या महिन्यांनीं चुकवितो.

परंतु मनाविरुद्ध आलेल्या निरीक्षणाचा आदर केला म्हणजे केवढें फळ मिळतें, हेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील बारूक ब्लुंबर्ग हे यकृताचा अभ्यास करीतच नव्हते. निरनिराळ्या देशांतील लोकांच्या रक्तांत काय काय भेद असतात, एवढेंच ते पाहत होते. ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी माणसाच्या रक्तांत त्यांना एक अपरिचित द्रव्य आढळलें, आणि त्यावरील निबंध १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशीं असावा अशी त्यांची प्रथम अटकळ होती. परंतु ज्याच्या रक्तांत तें द्रव्य पूर्वीं नव्हतें अशा एका रोग्याच्या रक्तांत तें पुढच्या तपासणींत दिसलें, आणि त्याच सुमारास त्याचें यकृत सुजलेलें आढळलें. अटकळीशीं न जुळणारी ही एक नोंद 'अपवाद' म्हणून बाजूस टाकणें सोपें होतें. ब्लुंबर्ग व त्यांचे सहकारी तिच्यामागें लागले, आणि त्यांतून हिपॅटायटिस-बी ह्या विषाणूचा छडा लागला. १९७६ सालीं ब्लुंबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध तैवान बेटांत निर्विवादपणें दिसून आला. बीस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २२,७०७ पुरुषांची नोंद ठेविली, आणि १९८१ सालीं असें दाखविलें कीं, ज्यांच्या रक्तांत हा विषाणु वास करून आहे त्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट आहे. १९८४ सालीं तैवाननें नवजात बालकांना लस टोंचण्याची मोहीम सुरू केली. तेरा वर्षांनीं, १९९७ सालीं, तिचें फळ प्रसिद्ध झालें: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृत-कर्करोगाचें वार्षिक प्रमाण एक लाखांत ०.७० होतें, तें ०.३६ वर आलें. लस टोंचून कर्करोग टाळतां येतो, हें जगानें प्रथम येथें पाहिलें. प्रयोगशाळेंत आम्ही ज्या गांठीशीं वर्षानुवर्षें झुंजतों, ती उगवूंच न देण्याचा हा मार्ग आहे. आणि आमच्या सर्व औषधांपेक्षां त्यानें अधिक माणसें वांचतील, हें कबूल करावयास आम्हांला मुळींच कमीपणा वाटत नाहीं.

श्रोतेहो, ह्या मार्गाचा कांहीं भाग आपल्याही घरांतून जातो, म्हणून शेवटीं दोनचार व्यवहाराच्या गोष्टी. हिपॅटायटिस-बीचा विषाणु रक्तावाटे, न उकळलेल्या सुयांवाटे, दुसऱ्याच्या वस्तऱ्यावाटे, शरीरसंबंधानें, आणि बाळंतपणाच्या वेळीं आईकडून मुलाकडे जातो; एका पंक्तीस जेवल्यानें किंवा गळाभेटीनें तो जात नाहीं. जन्मतः त्याची बाधा झालेल्या दहा मुलांपैकीं सुमारें नऊ मुलांच्या शरीरांत तो कायमचा मुक्काम करतो. प्रौढपणीं बाधा झाली तर असें क्वचितच होतें. म्हणून लसीचा पहिला हप्ता जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत देणें महत्त्वाचें. आपल्या देशांत ही लस २००२ सालीं कांहीं शहरांत व जिल्ह्यांत, आणि २०११ सालीं सर्वत्र, सरकारी लसीकरणांत आली. घरांत बाळंतपण व्हावयाचें असेल तर बाळाला हा हप्ता मिळाला कीं नाहीं, हें आजीनें किंवा आजोबांनीं विचारून घ्यावें. हिपॅटायटिस-सी हा दुसरा विषाणु १९८९ सालीं सांपडला. त्यावर लस नाहीं, परंतु आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं शंभरांतले पंचाण्णव रोगी त्यापासून मुक्त होतात. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका निवडून, भाजून वापरण्याचा मोह धरूं नये. त्या बुरशीचें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष भाजल्यानें पुरतें नष्ट होत नाहीं, आणि तें यकृताच्या पेशींतील जनुकावर नेमक्या एका ठिकाणीं घाव घालतें, हें १९९१ सालीं दिसून आलें आहे. मद्याविषयीं तर वेगळें सांगावयास नकोच.

आणि एक विनंति, ज्यांच्या घरचें कोणी अशा प्रयोगशाळेंत असेल त्यांना. दिवाळीला दूरध्वनीवर बोलतांना "मग, कांहीं शोध लागला कीं नाहीं?" असें आपण कौतुकानें विचारतों. त्या प्रश्नाचें ओझें मोठें असतें. कारण बहुतेक वर्षांचें खरें उत्तर 'नाहीं' हेंच असतें, आणि तें देतांना आपलें माणूस ओशाळतें. त्याऐवजीं, यंदा कोणती गोष्ट तपासून पाहिली आणि ती खोटी ठरली, असें विचारून पाहावें. एखादी चुकीची वाट बंद झाल्याचें उत्तर मिळालें, तर तेंही वर्षाचें काम झालें असें समजावें. बाहेरच्या जगांत असें समजणारे लोक थोडे आहेत. निदान घरांत तरी ते असावेत.